खवल्यावर लिहिलेले वय

(हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



शाळेचे वय सांगणे सोपे असते. स्थापनेचे वर्ष दप्तरात नोंदलेले असते आणि त्यावरून साठ वर्षे मोजता येतात. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची जन्मतारीखही जनरल रजिस्टरमध्ये लिहिलेली असते. परंतु ज्याच्या जन्माची नोंद कोणीच ठेवलेली नाही, जो डोळ्यांआड पाण्यात जन्मतो, पाण्यातच वाढतो आणि जाळ्यात सापडेपर्यंत माणसाच्या दृष्टीस पडत नाही, त्या माशाचे वय कसे सांगायचे? प्रश्न बालसुलभ वाटतो. तरी त्याच्या उत्तरावर नदीकाठच्या हजारो कुटुंबांचा भात अवलंबून असतो. या उत्तराचा शोध आपल्या देशात ज्या शहरात मोठ्या प्रमाणावर घेतला गेला, ते शहर म्हणजे कोलकाता. म्हणून आजच्या व्याख्यानाचा विषय कोलकात्याच्या वाटेने मांडायचा आहे.

पावसाळ्यात कोलकात्याच्या गरियाहाट किंवा मानिकतला बाजारात गेलेल्या मराठी माणसाला पहिले दर्शन घडते ते इलिशचे. आपण त्याला हिल्सा म्हणतो. सिंधमध्ये तोच पल्ला आणि गोदावरीकाठी तोच पुलसा. मासेवाला मोठ्या बोंटीवर, म्हणजे आपल्या विळीच्याच बंगाली बहिणीवर, मासा साफ करतो. रुपेरी खवले चहूकडे उडतात आणि दिवस संपला की पाण्याच्या धारेबरोबर गटारात जातात. डोके मात्र घरी जाते, कारण बंगाली स्वयंपाकात माशाच्या मुंडक्याला मान आहे. बाजारात फेकले गेलेले ते खवले आणि मुंडक्याच्या आत, मेंदूखाली दडलेला एक लहानसा पांढरा खडा, हीच माशाची जन्मपत्रिका. ती वाचण्याची विद्या मात्र शिकावी लागते.

विद्येची सुरुवात नावापासून होते. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन हे कंपनी सरकारचे वैद्य आणि निसर्गअभ्यासक होते. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचा कारभारही त्यांनी काही काळ पाहिला. गंगा आणि तिच्या शाखांतील माशांवरचा त्यांचा ग्रंथ 1822 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी हिल्साचे शास्त्रीय वर्णन केले आणि नाव देताना बंगाली कोळ्यांच्या तोंडचा शब्दच घेतला: 'इलिशा'. रोहू, कटला आणि मृगळ यांचीही नावे त्यांनी तशीच लोकभाषेतून उचलली. आज जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत हिल्साचा उल्लेख 'टेन्युअलोसा इलिशा' असा होतो. हॅमिल्टन यांनी भारत सोडला तेव्हा माशांची चित्रे सोबत नेण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. ती कोलकात्यातच ठेवून घेण्यात आली. पुढे 1929 मध्ये सुंदरलाल होरा यांनी त्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हॅमिल्टन यांचा ग्रंथ नव्या अभ्यासकांना उलगडून दाखवला.

आपल्याकडेही असेच घडले. कर्नल साइक्स यांनी 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील मासे त्यांनी 'खुदरी', 'कोलस' अशा इथल्याच नावांनी शास्त्रात नोंदवले. मातृभाषेच्या शाळेत शिकलेल्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे. ज्यांनी मासा रोज पाहिला, त्यांच्या शब्दाला शास्त्राने कायमचे आसन दिले.

कोलकात्यात 1916 मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक नेल्सन अॅनन्डेल. या अॅनन्डेल यांची एक हकिकत महाराष्ट्राशी जोडलेली आहे. 1920 मध्ये नागपूरला भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन भरले होते. तेथे त्यांनी कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस या तरुण प्राध्यापकांना कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांच्या नोंदी तपासण्याची विनंती केली. त्यातून निघालेला उंचीविषयीचा लेख 1922 मध्ये इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात छापला गेला आणि महालनोबिस यांचा संख्याशास्त्राकडचा प्रवास पक्का झाला. 1931 मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली.

माशाच्या वयाशी या हकिकतीचा संबंध जवळचा आहे. वय शोधण्याची एक रीत मोजमापांच्या ढिगातूनच जाते. जाळ्यात आलेल्या हजारो माशांची लांबी मोजून आलेख काढला, तर त्यात एकाऐवजी अनेक उंचवटे दिसतात. पहिला उंचवटा यंदाच्या पिल्लांचा, दुसरा गेल्या वर्षीच्यांचा, तिसरा त्याआधीच्यांचा. डेन्मार्कचे पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रीत रूढ केली. शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या सगळ्या मुलांची उंची मोजली तर इयत्तांचे उंचवटे असेच दिसतील. पण पहिली आणि दुसरीतला फरक जितका स्पष्ट दिसेल, तितका नववी आणि दहावीतला दिसणार नाही. माशांचेही तेच. वय वाढते तशी वाढ मंदावते, उंचवटे एकमेकांत मिसळतात आणि ही रीत लंगडी पडते. मग माशाच्या अंगावरच, त्याच्या कठीण अवयवांत पुरावा शोधावा लागतो.

खवला हा त्यांतला सर्वांत जुना साक्षीदार. सूक्ष्मदर्शकातून सृष्टी पाहणारे लेव्हेनहुक यांनी सतराव्या शतकातच कार्प माशाच्या खवल्यावरील वलये न्याहाळली होती. माशाच्या खवल्यांची संख्या वाढत नाही. मासा वाढतो तसा प्रत्येक खवला कडेकडेने मोठा होतो. खाणे भरपूर असते तेव्हा त्यावरील रेघा दूर दूर पडतात. उपासमारीच्या किंवा थंडीच्या काळात त्या दाटीने पडतात. दाट रेघांचा असा एक पट्टा म्हणजे वाढ खुंटल्याची एक खूण, आणि ती दरवर्षी एकदाच उमटत असेल तर तिला वर्षाची खूण मानता येते. 1898 मध्ये जर्मनीत हॉफबाउर यांनी तळ्यात वाढवलेल्या, वय माहीत असलेल्या कार्पवर ही गोष्ट ताडून पाहिली.

खवल्यावरून केवळ वय कळते असे नाही, वाढीचा इतिहासही कळतो. समजा, मासा 40 सेंटिमीटर लांब आहे आणि त्याच्या खवल्याची त्रिज्या 10 मिलिमीटर आहे. पहिले वलय केंद्रापासून 5 मिलिमीटरवर असेल, तर एक वर्षाचा असताना तो सुमारे 20 सेंटिमीटरचा होता, असे त्रैराशिकाने काढता येते. प्रत्यक्षात या गणितात काही दुरुस्त्या कराव्या लागतात, पण मूळ कल्पना सातवीच्या मुलाला समजावी इतकी सरळ आहे.

खवल्याचा दोष असा की तो गळतो. गळाल्यावर त्या जागी नवा येतो, पण नव्या खवल्याच्या मध्यभागी जुन्या दिवसांची नोंद नसते. तिथे कोरी जागा असते. उपासाच्या काळात शरीर खवल्यातील कॅल्शियम शोषूनही घेते. म्हणून अभ्यासकांची नजर कानाकडे वळली. माशाला बाहेरून कान दिसत नसले तरी डोक्यात आंतरकर्ण असतो आणि त्यात खड्यांच्या तीन जोड्या असतात. त्यांना कर्णाश्म म्हणता येईल. माशाचा तोल सांभाळणे आणि आवाजाची जाणीव करून देणे हे त्यांचे काम. कॅल्शियम कार्बोनेटचे थर एकावर एक बसून हा खडा वाढतो, आणि एकदा बसलेला थर शरीर सहसा परत घेत नाही. 1899 मध्ये राइबिश यांनी प्लेस नावाच्या चपट्या माशाच्या कर्णाश्मावरून वय काढले. 1971 मध्ये पानेल्ला यांनी दाखवून दिले की या खड्यात वर्षाच्याच काय, दिवसादिवसाच्या रेषाही असतात. खडा राळेत बसवायचा, पातळ काप काढायचा, घासून पारदर्शक करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेषा मोजायच्या. काही आठवड्यांच्या पिल्लाचा जन्मदिवससुद्धा अशा रीतीने शोधता येतो.

येथवर सगळे सुरळीत वाटते. अडचण येते ती आपल्या हवामानात. युरोपात कडक हिवाळा पडतो, मासा खाणे कमी करतो आणि वलय ठळक उमटते. हुगळीच्या पाण्यात तसा हिवाळा नाही. मग इलिशच्या खवल्यावर जी वलये दिसतात ती कशाची? या प्रश्नाने कोलकात्याच्या आणि जवळच्या बराकपूरच्या अभ्यासकांना पुष्कळ झुंजवले. इलिश समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. बैनी प्रसाद, होरा आणि नायर यांनी 1940 मध्ये त्याच्या समुद्राकडील परतीच्या प्रवासावर लिहिले. 1947 मध्ये कोलकात्यात अंतर्गत मत्स्यसंशोधनाचे केंद्रीय केंद्र सुरू झाले. आज ती संस्था बराकपूरला आहे. टी. व्ही. आर. पिल्ले यांनी 1958 मध्ये हुगळीतील इलिशच्या जीवनक्रमाचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. पण वेगवेगळ्या अभ्यासकांनी सांगितलेली इलिशची वाढ एकसारखी निघाली नाही. कारण उघड आहे. नदीत चढताना मासा थकतो, अंडी घालताना शरीर झिजते, खाऱ्या पाण्यातून गोड्यात येताना फरक पडतो. यांतील प्रत्येक प्रसंग खवल्यावर रेघ ओढू शकतो. वर्षाची रेघ कोणती आणि प्रसंगाची कोणती, हे ओळखणे हीच खरी परीक्षा.

या परीक्षेसाठी शास्त्राने ताळा घेण्याच्या रीती शोधल्या आहेत. जिवंत माशाला टेट्रासायक्लीन हे औषध टोचले तर त्या दिवशीच्या थरात ते साठते आणि अतिनील प्रकाशात चमकते. मासा खुणेची चिठ्ठी लावून सोडायचा. वर्षभराने तो पुन्हा सापडला तर चमकत्या रेषेच्या बाहेर किती वलये पडली ते मोजायचे. एक पडले असेल तर वलय वर्षाचे, दोन पडली असतील तर हिशेब बदलावा लागतो. इलिशच्या बाबतीत रसायनशास्त्रही मदतीला आले. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त, नदीच्या पाण्यात कमी. कर्णाश्माच्या थराथरातील स्ट्रॉन्शियम मोजले की मासा कोणत्या वयात कोणत्या पाण्यात होता, हे वाचता येते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी बांगलादेशातील इलिशवर असा अभ्यास झाला.

खोल समुद्रात फिरणाऱ्या ट्यूनाच्या, म्हणजे आपल्या कोळीबांधवांच्या कुप्याच्या बाबतीत हा प्रश्न आणखी बिकट आहे. ट्यूनाचा मणका, पाठीवरच्या पराचा पहिला काटा आणि कर्णाश्म या तिन्हींवरून वय काढतात. काटा मिळवणे सोपे, कारण त्यासाठी महाग मासा कापावा लागत नाही. पण वय वाढले की काट्याचा गाभा रक्तवाहिन्यांनी पोखरला जातो आणि बालपणीची वलये नाहीशी होतात. कर्णाश्मात ती टिकतात, पण अजस्र माशाच्या डोक्यातून तो इवलासा खडा काढणे हे कौशल्याचे काम आहे. दक्षिणी ब्लूफिन ट्यूनाच्या वयाचा ताळा तर अणुबॉम्बच्या चाचण्यांनी पुरवला. 1950 आणि 1960 च्या दशकांतील चाचण्यांमुळे हवेत आणि समुद्रात किरणोत्सारी कार्बन वाढला, आणि त्या काळात जन्मलेल्या माशांच्या कर्णाश्मात तो कोरला गेला. त्यावरून हा मासा तीस वर्षांहून अधिक जगतो हे सिद्ध झाले. याउलट, लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरचे कोळी गळ आणि काठीने जो स्किपजॅक ट्यूना पकडतात, तो झपाट्याने वाढणारा आणि थोडे जगणारा. दोघेही एकाच कुळातले, तरी दोघांना एकच नियम लावला तर एकाचा घात होईल.

आता मुख्य प्रश्न. एवढा खटाटोप कशासाठी? दोन उदाहरणे पुरेशी आहेत. नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांनी 1914 मध्ये दाखवले की तेथील हेरिंगच्या पकडीत 1904 साली जन्मलेल्या माशांचा भरणा वर्षानुवर्षे होता. खवले वाचल्यामुळेच हे कळले. मासे कमी-जास्त मिळण्याचे कारण केवळ कोळ्याचे नशीब नसून एखाद्या वर्षीची पिल्ले जगण्या-न जगण्यात असते, हा बोध तेव्हा झाला. दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. न्यूझीलंडच्या खोल समुद्रात ऑरेंज रफी नावाच्या माशाची मोठी मासेमारी 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. मासा लवकर वाढत असेल या समजुतीने तो बेसुमार पकडला गेला. पुढे कर्णाश्म नीट वाचले तेव्हा कळले की तो शंभर वर्षांहूनही अधिक जगतो आणि वयात यायलाच त्याला दशके लागतात. तोवर अनेक ठिकाणचा साठा रोडावला होता. वय चुकले की हिशेब चुकतो, आणि हिशेबाची किंमत मासा आणि कोळी दोघेही मोजतात.

हुगळीतही हाच हिशेब चालू आहे. एके काळी इलिश गंगेतून अलाहाबाद, कानपूरपर्यंत चढत असे. 1975 मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला. कोलकाता बंदर गाळाने भरू नये म्हणून हुगळीत पाणी वळवणे हा त्याचा हेतू. पण इलिशची वाट त्याने अडवली आणि वरच्या भागातील कोळ्यांची जाळी रिकामी येऊ लागली. बराकपूरच्या संस्थेने अलीकडे फराक्क्याच्या वरच्या अंगाला इलिश सोडण्याचा आणि काहींना खुणेच्या चिठ्ठ्या लावण्याचा उपक्रम हाती घेतला आहे. खालच्या भागात दुसरेच संकट आहे. बाजारात 'खोका इलिश', म्हणजे बाळ इलिश, स्वस्तात मिळतो. पश्चिम बंगाल सरकारने 2013 मध्ये 23 सेंटिमीटरपेक्षा लहान इलिश पकडण्यास आणि 90 मिलिमीटरपेक्षा बारीक आसाचे जाळे वापरण्यास मनाई केली. हे आकडे कोणाच्या लहरीतून आलेले नसतात. मासा कोणत्या वयात केवढा होतो आणि एकदा तरी अंडी घालण्याआधी पकडला जाऊ नये यासाठी जाळ्याचा आस केवढा हवा, हे ठरवायचे तर कोणीतरी खवले मोजलेले असावे लागतात.

नियम कागदावर लिहिणे सोपे आहे. काकद्वीप किंवा डायमंड हार्बरच्या लहान होडीवाल्याने आगाऊ रक्कम उचललेली असते. रिकाम्या हाताने परतणे त्याला परवडत नाही. बारीक जाळे टाकणाऱ्याला दोष देताना त्याच्या घरची चूल विसरून चालणार नाही. बांगलादेशाने बाळ इलिश पकडण्यावरील बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांना तांदूळ देण्याची योजना राबवली, त्यामागे हीच जाण आहे. आणि ग्राहकही निर्दोष नाही. बाळ इलिश विकला जातो, कारण कोणीतरी तो विकत घेतो.

जुन्या लोकांना आकडे ठाऊक नव्हते, पण संयम ठाऊक होता. पूर्व बंगालमधून आलेल्या अनेक घरांत विजयादशमीनंतर इलिश बंद होतो आणि सरस्वती पूजेला जोडीने घरी येतो. आपल्याकडे कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच होडी पाण्यात लोटतात. आज पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत सरकारी बंदी असते. रूढीने जे सांगितले त्यालाच शास्त्राने तारखा दिल्या.

शाळेच्या महोत्सवात या विषयाला स्थान देण्याचे कारण शेवटी सांगितले पाहिजे. खवले वाचण्याची एक शिस्त असते. एकाच खवल्याचे वाचन दोन अभ्यासक स्वतंत्रपणे करतात. वाचताना माशाची लांबी त्यांच्यापासून लपवून ठेवतात, कारण मोठा मासा पाहिला की डोळ्यांना जास्त वलये दिसू लागतात. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर पुन्हा वाचतात, आणि तरीही जुळले नाहीत तर तो नमुना 'अवाचनीय' म्हणून बाजूला ठेवतात. अंदाजाने आकडा भरत नाहीत. उत्तर येत नसेल तर जागा कोरी ठेवण्यात कमीपणा नाही, हे परीक्षेच्या काळात मुलांना सांगणे कठीण जाते. पण प्रामाणिक ज्ञानाची सुरुवात तिथूनच होते.

पालकांसाठीही खवल्यात एक सांगणे आहे. एकाच दिवशी जन्मलेली दोन पिल्ले एकाच लांबीची होत नाहीत. अरुंद वलय म्हणजे ते वर्ष कष्टाचे गेले, एवढेच. त्याच्या पुढे रुंद वलय येऊ शकते आणि पुष्कळदा येते. मुलाच्या एका वर्षाच्या गुणपत्रिकेवरून त्याच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी एकदा भिंगाखाली माशाचा खवला पाहावा. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आहे आणि बाजारात खवले फुकट मिळतात. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना घेऊन यावे, रोहूचा एक खवला स्वच्छ धुऊन काचपट्टीवर ठेवावा आणि वलये मोजावीत. बापलेकांचे आकडे जुळले नाहीत, तर दोघांनी पुन्हा मोजावे.